एका फांदीबद्दल अभिप्राय

फेच्चबुरी,
सोंगक्रानच्या सणानंतरचा दुसरा मंगळवार

तीर्थरूप प्रचुअप मामांना,

नुअनचा जोडलेले हात कपाळाला टेकवून नमस्कार. गुडघा कसा आहे? मागच्या महिन्यात मी काढलेल्या क्ष-किरण फोटोत सांध्याची झीज स्पष्ट दिसत होती. तो फोटो तुम्ही उन्हाला आडोसा म्हणून खिडकीत लावला आहे असं मामी म्हणतात. मामींनी दिलेला ताडगूळ पोचला. (चिठ्ठीत दहा ढेपा लिहिल्या आहेत, पोचल्या आठ. बसच्या ड्रायव्हरकडे मी चौकशी केलेली नाही.) तुमचा फोन पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्यात पडल्याचं कळलं, आणि मामींच्या फोनवर पाठवलेला निरोप बाजारात वाचून दाखवला जातो, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी ठीक आहे. माझ्या तीन वर्षांच्या कराराची मुदत या महिनाअखेरीस संपते. मला कायम करण्याचा कागद आमच्या विभागाचे प्रमुख डॉक्टर थनाकोर्न यांच्या खणात आहे आणि त्यावर त्यांची सही व्हायची आहे. हेच डॉक्टर इस्पितळाच्या निसर्ग-छायाचित्र मंडळाचेही अध्यक्ष. मला मंडळात घेतलं ते मी चौदाव्या वर्षी काढलेल्या खंड्याच्या फोटोमुळे. तो बैठकीच्या खोलीत दारावर टांगलेला आहे. (त्याच्याबद्दल इथे काही लिहायचं नाही.)

मंडळाची पद्धत अशी, की एकजण फोटो दाखवतो, बाकीचे ‘सुंदर’ म्हणतात. मग तो फोटो काढताना काय काय हाल झाले ते तो सांगतो, तेव्हा सगळे पुन्हा ‘सुंदर’ म्हणतात, आणि मग चिकट भात आणि आंबा येतो. अभिप्राय देण्याची ही रीत मला पसंत आहे. तिच्यात कोणाला इजा होत नाही. पण गेल्या शुक्रवारी डॉक्टर बँकॉकहून कसलंसं शिबिर करून आले होते. त्यांनी जाहीर केलं की आजपासून नुसतं सुंदर म्हणायचं नाही, खरं बोलायचं. “नुअन, सुरुवात तू कर. हाडातली केसाएवढी चीर तुला दिसते.”

त्या दिवशी तीन फोटो होते. डॉक्टरांचा निळा नवरंग (चार दिवस गर्द रानात, अंगावर जळवा), औषध विभागातल्या ओराथाय ताईंचा खंड्या (सीमेवरचे डोंगर, वाटाड्या तापाने पडलेला) आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या थवी काकांचा हिरवागार हरेवा (फोटो काढला आणि मागे हत्ती). मी तिन्ही नीट पाहिले. पक्षी तीन होते, फांदी एकच होती. डावीकडे बेचकं, बेचक्याखाली गाठ, गाठीशेजारी गंजलेला खिळा आणि आमिषाचे किडे भरण्यासाठी पाडलेलं अंगठ्याएवढं भोक. मामा, ही फांदी मी ओळखणारच. शाळेच्या सुट्टीत त्या भोकात किडे मी भरायचे. केळीच्या बागेमागचं, फोटोवाल्यांना तुम्ही भाड्याने देता ते लपण, ती हिरवी जाळी, ते चार प्लास्टिकचे स्टूल, सगळं मला फोटोच्या कडेबाहेर दिसत होतं. तुम्ही प्रत्येकाला ‘कोणाला सांगणार नाही’ म्हणालात आणि खरंच सांगितलं नाहीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पंधरा वर्षं तीच फांदी वापरण्याबद्दल.

“पक्षी उत्तम आहेत,” मी म्हटलं, “पण तिन्ही फोटोंत फांदी एकच आहे.”

“फांद्या काय, सगळ्या सारख्याच दिसतात,” डॉक्टर म्हणाले.

“खिळे सारखे दिसत नाहीत.”

थवी काका चष्मा पुसून पडद्यापाशी गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

“काका, तुमचा हत्ती प्रचुअपची केळी खायला आला होता वाटतं,” ओराथाय ताई म्हणाल्या.

“हो ना. तुझा वाटाड्या तिथेच पडवीत कण्हत होता.”

डॉक्टरांच्या जळवांबद्दल कोणी विचारलं नाही. आंब्याला कोणी हात लावला नाही.

सोमवारी मी कागदाची आठवण केली. डॉक्टर म्हणाले, पेन सापडत नाहीये. (खिशात दोन होते.) मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, जिल्ह्याचं प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे आणि आता त्यांच्याकडे पाठवण्यासारखा फोटो नाही, शनिवारी ते मोकळे आहेत, त्या प्रचुअपला कोणी ओळखतं का? मी चौकशी करते म्हणाले. तुम्ही माझे मामा आहात हे इथे कोणी विचारलेलं नाही, त्यामुळे मी सांगितलेलंही नाही.

मामींना नमस्कार. उकिडवं बसू नका.

तुमची भाची,
नुअन

ता. क. शनिवारी डॉक्टर सकाळी सहाला येतील, ओराथाय ताई नऊला, थवी काका दुपारी दोनला. (त्या दोघांनीही नंतर एकेकट्याने येऊन माझ्याकडेच तुमची चौकशी केली.) आपण येतोय हे बाकीच्या दोघांना कळता कामा नये, असं तिघांनीही मला बजावलं आहे. तीन फांद्या लागतील, वेगवेगळ्या झाडांच्या, बिनखिळ्याच्या. डॉक्टरांना फांदीऐवजी शेवाळलेला दगड दिलात तरी चालेल, पण मग तो दगड थवी काकांना देऊ नका. माझ्या कागदावरची सही त्या दगडावर अवलंबून आहे.

आणखी ता. क. तीन नव्हे, चार. बैठकीनंतर पंखा बंद करायला मी मागे थांबले होते, तेव्हा दारावरचा माझा फोटो जवळून पाहिला. खाली डॉक्टरांच्या अक्षरात ‘नदीकाठ, पहाट. माणसाचा हात न लागलेलं रान’ असं लिहिलं आहे. बेचकं डावीकडे आहे. गाठही आहे. खिळा तेव्हा नवा होता, चांगला चमकतो आहे. दारातून जाताना वर बघायची इथे कोणाला सवय नाही, पण शुक्रवारपासून सगळेजण खिळे शोधत आहेत. रविवारी सकाळी मी येते. एक स्टूल आणि चौथी फांदी माझ्यासाठी राखून ठेवा. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन मला तो फोटो बदलायचा आहे. जुनी फांदी चुलीत घाला. तुम्हाला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. ती जळतानाचा फोटो मामींच्या फोनवरून पाठवा. मी सुंदर म्हणेन.