अंगठ्याखालचं नाव

१४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी चार इंच बर्फ. दारापासून रस्त्यापर्यंतची वाट साफ केली. दुपारी पोस्टात जाऊन आभाराच्या कार्डांसाठी तिकिटं घेतली. आर्डिसला जाऊन आज अठरा दिवस झाले.

खिडकीमागे मार्लिस होती. गावच्या साप्ताहिकात आलेली आर्डिसच्या निधनाची बातमी कापून तिनं भिंतीवर लावली आहे. म्हणाली, "काय रे लाइल, शेवटच्या ओळीत 'मायसेल्फ'? बायकोनं लाल पेन्सिलच काढली असती की!" आणि हसली. मग माझं तोंड पाहून म्हणाली, "चुकलं माझं. थट्टेची वेळ नव्हती."

घरी येऊन वाचलं. खरंच आहे. "मागे मुलगी कारिन अँड मायसेल्फ." मीच लिहिलं होतं — ती गेली त्या सकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तिथे साधं 'मी' हवं होतं.

एकतीस वर्षं तिनं सातवीच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. तिच्याबद्दल छापून आलेल्या शेवटच्या ओळीत नेमकी तीच चूक!

१५ नोव्हेंबर

"मायसेल्फ म्हणजे आरसा," ती वर्गात सांगायची. "समोर 'आय' उभा असेल तरच आरशात कोणीतरी दिसणार. 'आय कट मायसेल्फ' — ठीक. आय नाही आणि तरी मायसेल्फ दिसला, तर ते भूत!" मुलं खिदळायची. घरी मलाही ऐकवायची.

रस्तेखात्यात चौतीस वर्षं जमिनीची मोजणी केली. आम्ही सगळे तसंच लिहायचो — "शंका असल्यास नेल्सन किंवा मायसेल्फ यांना विचारा." नुसतं 'मी' म्हटलं की पुढे घुसल्यासारखं वाटतं. मायसेल्फ म्हटलं की जरा मागे उभं राहता येतं. इकडची माणसं अशीच. ताटातला केकचा शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही; अर्धा करतात, मग पाव करतात, मग तो तसाच वाळतो.

आर्डिस बाहेरची, शिकागोची. शेवटचा तुकडा सरळ उचलायची. "'मी' म्हणायची एवढी कसली लाज रे तुला?"

१६ नोव्हेंबर

दारात बटाट्याची हॉटडिश, ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाचं भांडं. मार्लिसचं. चिठ्ठी नाही. आत आणून ठेवलं. जेवलो नाही.

१८ नोव्हेंबर

कारिनचा डुलुथहून फोन. तिला बातमीतल्या चुकीचं सांगितलं.

"बाबा, कोणाच्या लक्षात येणार आहे ते?"

"अर्धं गाव तुझ्या आईकडे शिकलंय."

"मग आलं असेल लक्षात. जाऊ दे ना. तुम्ही जेवलात का?"

जेवलो म्हणालो.

आर्डिसची एक युक्ती होती. दुसऱ्याच्या नावावर अंगठा ठेवायचा आणि उरलेलं वाचायचं. कानाला खटकलं तर चूक. चाळीस वर्षांत मी एकदाही करून पाहिलं नव्हतं. आज कात्रणात कारिनच्या नावावर अंगठा ठेवला. "मागे मायसेल्फ." खटकतं. लहान मुलालाही कळेल.

संध्याकाळ व्हायच्या आत पत्रं आणायला रस्त्यापर्यंत गेलो. टपालपेटीवर दोघांची नावं आहेत — लाइल आणि आर्डिस हाउगेन. मीच रंगवलेली. हातमोजा काढून 'आणि आर्डिस'वर अंगठा ठेवला. उरलेलं वाचलं. काही खटकलं नाही. व्याकरण ठीक आहे!

पेटीचा पत्रा इतका गार होता की अंगठा चिकटला. सोडवताना थोडी कातडी गेली.

२० नोव्हेंबर

तिच्या टेबलाच्या खणात लाल पेन्सिल सापडली. टोक केलेली.

साप्ताहिकासाठी चुकीची दुरुस्ती लिहून काढली. दोन ओळी, पाच वेळा तपासल्या. आभाराची बारा कार्डंही लिहिली, प्रत्येकात अंगठा ठेवून पाहिलं. कार्डांत सगळीकडे 'मायसेल्फ'च्या जागी 'आय'. बरोबर आहे. वाचताना दुसऱ्याच कोणाची वाटतात.

उद्या संपादकाकडे जातो, व्हर्लिन टॉफ्टेकडे. आर्डिसच्या आजारपणात माझ्या हातून काही झालं नाही. एवढं तरी तिच्यासाठी नीट व्हायला हवं.

२१ नोव्हेंबर

व्हर्लिन आर्डिसचाच विद्यार्थी. त्यानं दुरुस्तीची चिठ्ठी वाचली, चष्मा काढला. "मिस्टर हाउगेन, मी ते दुरुस्त केलं होतं. मग परत तुमचंच बसवलं."

"का?"

"ऑगस्टमध्ये बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, माझी बातमी लाइलच लिहील, आणि त्यात मायसेल्फ घालेलच. हात लावशील तर याद राख. तो बोलतो तसंच छापायचं."

चिठ्ठी परत घेतली. घरी आलो. ती बारा कार्डं बाजूला ठेवली आणि नवीन घेतली. सगळ्यांवर लिहिलं — कारिन अँड मायसेल्फ. अंधार पडेपर्यंत पाकिटं चिकटवत बसलो.