रुमाल बांधून निवडलेलं लिनक्स

सर, तुमच्याच खुर्चीत बसून लिवतोय, रागवू नका. खुर्चीचा एक पाय अजून लंगडा हाय, आन् त्याच्याखाली तुमी घडी करून घातलेला परीक्षेचा जुना फॉर्म बी तसाच हाय. आज सकाळी क्लासला एक पोरगी नवी आली. डोळं कीबोर्डला चिकटवून एका बोटानं टुकटुक करत बसली. माझा हात आपोआप ड्रॉवरात गेला, तुमच्या रुमालाकडं, आन् तिथंच थांबला. का थांबला ते तुम्हांस्नी सांगायचं राहून गेलंय. तुमी हुतासा तवा धीर झाला न्हाय, आन् आता तुमी काय मला उठवून बाकावर उभं करणार न्हाय.

मी तुमच्याकडं आलो तवा माझ्याजवळ काय हुतं? मुरगूडच्या शाळेतली सातवी, आन् मालक गेल्याला जेमतेम वरीस. सासूबाई म्हणत हुत्या शिवण शिक. मी म्हटलं, शिवणात सारखं खाली बघावं लागतंय, मला वर बघायची सवय हाय. मंगळवार पेठेतल्या तुमच्या माडीवर बारा टायपरायटर एकदम खडखडत हुते, गुळाच्या गाडीखाली पत्रा सापडल्यागत. "नाव काय?" विचारायच्या आधी तुमी म्हणालासा, "आलो न्हवं बाई, आले म्हणा. अर्जात असलं चालत न्हाय." मी म्हटलं, "अर्जात आलेच लिवीन की सर. तोंडानं मात्र आलोच म्हणणार, आमच्याकडं बायका अशाच येत्यात." तुमी चष्मा पुसलासा. हसू लपवायचं असलं की तुमी चष्मा पुसत हुतासा, हे मला आठवड्यातच कळलं.

मग तो रुमाल. निळ्या चौकड्यांचा, टॉवेलाएवढा. अक्षरं बघून टाईप करणाऱ्याच्या डोळ्यावर तो बांधायचा, ही तुमच्या क्लासची रीत. शेजारच्या पोरीला म्हणालासा, "बांध गं बाईंच्या डोळ्यावर." मी म्हटलं, "सर, माझ्या लग्नात बी एवढा जाड अंतरपाट न्हवता." बारा मशिनी थांबल्या. विधवा बाईनं असं बोलावं म्हणून पोरी घाबरल्या. आन् तुमी चष्मा काढून एवढं पुसलासा, एवढं पुसलासा, की काच झिजंल असं वाटलं. मग माझ्याजवळ उभं राहून हळू विचारलंसा, "घरात लाईट गेली तर मिठाचा डबा सापडतो का न्हाय?"

"सापडतो की."

"का सापडतो?"

"जागा सोडत न्हाय म्हणून."

"मग अक्षरं तरी कुठं जागा सोडत्यात? हाताला सांगा. डोळ्याला सुट्टी द्या."

माझं नाक लांब हाय, तुम्हांस्नी म्हाईत हाय. मला बघायला आलेल्या पावण्यांतली एक म्हातारी म्हणालती, "पोरगी मागनं येतीया, नाक आधी आलं." हे मी उगंच सांगत न्हाय. ध्यानात ठेवा.

पुढं धा वर्षांत सगळं पालटलं. टायपरायटरला पोरी येईनात. तुमी सहा जुने कॉम्प्युटर घेतलासा आन् मला शिकवायला उभं केलंसा. सगळ्या गावात चोरीची सीडी चालत हुती, पर तुमी म्हणालासा, "माझ्या माडीवर चोरीची पेन्सील बी चालणार न्हाय." कॉलेजातल्या कुणीतरी तुम्हांस्नी लिनक्सच्या, म्हंजी कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो त्या प्रणालीच्या, निरनिराळ्या सीड्या दिल्या. फुकट, आन् चोरीच्या न्हाईत. तुमी त्या बांगड्यांगत बोटात अडकवून आणलासा आन् माझ्यापुढं ठेवलासा. "बाई, ह्यातलं एक निवडा. रोज वापरायला पायजे. बसवलं की तीन वर्षं हात लावायचा न्हाय. माझं वय झालंय, माझ्यामागं माडी तुमी चालवायची हाय. म्हणून निवड तुमची."

माडी तुमी चालवायची हाय. हे तुमी चहाची कपबशी पुढं सरकवावी तसं म्हणालासा. मला त्या दिवशी बसमधी बसायला जागा मिळाली का न्हाय तेबी आठवत न्हाय.

तर मी निवडायला बसलो. दोन उरल्या. एक डेबियन, त्यावर एक्सएफसीई नावाचा साधा डेस्कटॉप. खाली एक पट्टी, चार चित्रं, बास. आमच्या सैपाकघरातल्या फळीगत. नवी आवृत्ती दोन-दोन वर्षं येत न्हाय, आली की आधीच म्हातारी असती. दुसरीचं नाव घेत न्हाय, उगंच कुणाची बदनामी नको. ती दर सहा महिन्यांनी नवी साडी नेसून यायची. तिच्यात खिडकी वडली की जेलीगत हलायची, बंद केली की पेटून राख व्हायची, अख्खा पडदा डब्यागत गरकन् फिरायचा. पोरी तर "बाई, परत पेटवा की, परत पेटवा" म्हणून माझ्या मागंच लागल्या. मलाबी खरं सांगायचं तर मालक गेल्यापासनं कुणी एवढं रंगीत काय दाखवलं न्हवतं.

तुमी म्हणालासा, "निवड तुमची, पर परीक्षा माझी." आन् रुमाल काढलासा. डोळं बांधून मशीन चालू करायची, अर्ज टाईप करायचा, सेव्ह करायचा, छापायचा. माऊसला हात न्हाय. मी ती रंगीत घेतली, डोळं बांधलं, आन् फर्रकन् अर्ज छापून तुमच्या हातात दिला. तुमी कागद उजेडाला धरलासा. एक चूक न्हवती. "पास," म्हणालासा. सहाच्या सहा मशिनींवर ती बसली.

मग आलं कारखान्याच्या सभासदांच्या यादीचं काम. ते वेळेत झालं तर वर्षभराचं काम मिळणार, न्हाय तर माडी बंद, असं तुमीच मला म्हणालतासा. पंधरा दिवस पोरींनी यादी टाईप केली. छापायच्या आदल्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात नवी आवृत्ती आल्याचं चित्र लुकलुकलं. सहाही मशिनींवर मी दाबलं. कशाला? नव्यात खिडकी पाण्यात पडल्यागत दिसती, असं ऐकलं हुतं म्हणून.

सकाळी सहाही पडदे काळे. कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडझाप करतीया. पोरी रडाय लागल्या. तुमी जिना चढून आलासा, सगळ्या पडद्यांपुढनं एकदा फिरलासा, आन् पयल्यांदा मला बाई न म्हणता म्हणालासा, "अगं, काय केलंस?"

बास, तेवढंच. मग बाह्या सारून तुमी कोपऱ्यातल्या टायपरायटरांवरची फडकी वडलासा. हातानं लिवलेले मूळ कागद आठ जणांत वाटले. सहा पोरी, मी आन् तुमी. कार्बन घालून तीन-तीन प्रती. माडी पयल्यागत हलाय लागली. खालचा भडंगवाला वर येऊन बघून गेला, "सर, मोर्चा निघाला की काय?" तुमी त्याच्याकडनं भडंग घेतलासा आन् म्हणालासा, "खावा, पर तेलकट बोटं यादीला लावू नका." दिवस मावळायच्या आत यादी रिक्षात पडली. काम राहिलं. माडी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी शिव्या खायच्या तयारीनं आलो. तुमी डेबियनची सीडी पुसत बसलातासा. वर न बघता म्हणालासा, "चूक तुमची न्हाय बाई. परीक्षा मी घेतली, पास मी केलं. ही रीत टायपरायटरची हुती, कॉम्प्युटरला लागू न्हाय. मी म्हातारा झालो." रुमालाची घडी केलीसा, ड्रॉवरात टाकलासा, आन् परत कवा काढला न्हाय. तीस वर्षांची रीत सर, माझ्यादेखत घडी करून ठेवलीसा. किल्ली बी त्याच दिवशी माझ्या हातात दिलासा.

मी गप्प बसलो. किल्ली हातात हुती म्हणून गप्प बसलो.

माझं नाक तंबूच्या खांबागत हाय. त्यावर रुमाल नीट बसतच न्हाय, दोन्ही अंगाला फट राहती. टायपरायटरच्या वेळी मी कवा त्यातनं बघितलं न्हाय, आई शप्पत. लिनक्सच्या परीक्षेदिवशी मात्र बघितलं. अख्खा अर्ज बघून छापला. तुमी गेल्यावर, एका रविवारी दुपारी, मी एकटीनंच दोन्हीची परीक्षा घेतली, नाकाशेजारी कापूस कोंबून. एका मशिनीत रंगीतची जुनी सीडी परत घालून मी अख्खं पान टाईप केलं, आन् मधीच कसलीशी पाटी उगवून समदी अक्षरं गिळून बसली हुती. एक पान छापलं न्हाय. डेबियनवर पयल्याच झटक्याला अर्ज बाहेर आला. मिठाचा डबा जाग्यावर हुता, सर. तुमची रीत बरोबर हुती. तिच्यात भोक एकच हुतं, आन् ते माझ्या तोंडावर हाय.

तीच साधी फळी आजबी सहा मशिनींवर हाय. पोरी नाक मुरडत्यात, म्हणत्यात, "बाई, ह्यात कायच हलत न्हाय." मी म्हणतो, तेच तर पायजे.

ह्ये पत्र छापणार न्हाय, छापून पाठवू कुठं? सेव्ह करून ठेवतो. सगळं रुमाल बांधून टाईप केलंय, कापूस घालून. उद्या तोच त्या नव्या पोरीच्या डोळ्यावर बांधणार हाय, तिचं नाक बघून घेतलंय, बसकं हाय. आन् व्हय, एकदाच कापूस सरकवला, आत्ता शेवटाला. वर पयल्या ओळीत 'सर' नीट पडलंय का, तेवढंच बघितलं.