नागिणीचा मंत्र

बाबा, इंग्लंडमध्येही नागीण व्हायची. कमरेवर लाल फोड उठायचे, आग व्हायची, आणि तिथल्या खेड्यांतली माणसंही घाबरून म्हणायची की फोडांचा पट्टा फिरत जाऊन दोन्ही टोकं जुळली की माणूस वाचत नाही. गेल्या महिन्यात अमरावतीच्या ग्रंथालयात हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिले. बाळापूरच्या मळ्यात वांग्यांच्या वाफ्यातून उठून, हात धुताना तुम्ही हेच म्हणायचात, "तोंड अन् शेपूट भेटू द्याचं नाई." सातवीत असताना मी तुम्हाला नकाशात इंग्लंड दाखवलं होतं. तुम्ही बोट ठेवून पाहिलंत आणि म्हणालात, एवढुशा देशानं आपल्यावर राज्य केलं होय. आज मी त्याच एवढुशा देशातल्या जादूटोण्याच्या आणि श्रद्धांच्या इतिहासावर प्रबंध लिहिते आहे. घरात पहिली पदवी माझी. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. त्याला आता दहा वर्षं झाली.

माझ्या प्रबंधात तुमच्यासारखी, मंत्र म्हणून दुखणं उतरवणारी माणसं आहेत. कुणी शेतकरी, कुणी लोहार, कुणी विधवा बाई. कुणी भाजलेल्यावर फुंकर घालायचं, कुणी चामखीळ उतरवायचं, कुणी नागीण. ती मोबदला घ्यायची नाहीत आणि कुणी आभार मानले तर गुण जातो म्हणायची. पुष्कळ ठिकाणी मंत्र पुरुषाकडून बाईला आणि बाईकडून पुरुषाला जायचा. तिथला जुना धर्म बदलला, देवळांतल्या संतांच्या मूर्ती फोडल्या गेल्या, तरी या लोकांच्या मंत्रांत त्या संतांची नावं कितीतरी पिढ्या तशीच राहिली. म्हणणाऱ्यांना ती कोण होती हेही ठाऊक नसायचं. राज्याचा कायदाही बदलला. आधी तो चेटकीण म्हणून बायकांना फासावर चढवायचा. नंतर त्याच देशात नवा कायदा आला की चेटूक मुळात नसतंच, आणि जो मला येतं म्हणेल तो लबाड. हे कॉलेजच्या वर्गात शिकवताना मी दुसऱ्या कायद्याची बाजू घेते, कारण त्यानं जीव वाचवले. पण आपल्या घरात तो दुसरा कायदा मी होते, हे मी वर्गात सांगत नाही.

मंगळवारची सकाळ आहे. आपल्या ओट्यावर कुणीतरी पाठमोरं बसलंय, सदरा वर धरून. तुम्ही दगडावर गेरू उगाळता आणि गेरूची वाटी मी धरायची, आईनं नाही, दादानं नाही, मीच. मी तेव्हा सात वर्षांची. तुम्ही कडुलिंबाची डहाळी फिरवत पुटपुटता. पेशंट समोर असतो, पण तुमचं तोंड माझ्याकडे वळलेलं असतं. मंत्रात महादेव आहे, एक नदी आहे, आणि शेवटी एका पिराचं नाव आहे, जे मी त्याआधी आणि त्यानंतर कुठेही ऐकलं नाही. तुम्हाला तो तुमच्या आत्यानं दिला होता, आणि चारचौघांत शेवटापर्यंत म्हटला की मंत्र जातो, असंही बजावलं होतं. आत्याकडून तुम्हाला, आणि तुमच्याकडून? हा हिशोब मला इंग्लंडचं पुस्तक वाचताना लागला. वाटी माझ्याच हातात का असायची, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.

नववीत अंधश्रद्धेवर वक्तृत्व स्पर्धा होती, अकोल्याला. बाई म्हणाल्या, घरचं उदाहरण दे, लोक ऐकतात. मी माईकसमोर उभी राहिले आणि तुमचा मंत्र म्हणून दाखवला. सभागृह हसलं. मग मी विचारलं की या शब्दांनी विषाणू मरतो का, आणि टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला. मी एसटीतून उतरून घरी पोचेपर्यंत बातमी गल्लीत आली होती, कारण शेजारच्या काकूंची मुलगी माझ्याच शाळेत होती आणि स्पर्धेहून आधीच्या गाडीनं परतली होती. काकू दारातूनच म्हणाल्या, "काय वं, बापाचा मंत्र मायकावर वाटून आली म्हनते. आमालेबी दे थोडा."

तुम्ही मेथीच्या जुड्या बांधत होतात. मी बोलणी खायच्या तयारीनं उभी होते, उत्तरंही पाठ होती. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "पूरा म्हटला?"

मी म्हणाले, हो.

"शेवटापर्यंत?"

"हो बाबा. पूर्ण."

तुम्ही हातातली जुडी बांधून टोपलीत ठेवलीत. "कप भेटला ना तुले? दाखव."

पुढच्या मंगळवारी एकजण मोटरसायकलवर म्हाताऱ्या आईला घेऊन आला. तुम्ही तिला पाणी दिलंत, उन्हातून सावलीत बसवलंत आणि त्याला म्हणालात, "मंत्र गेला माहा. अकोल्याले ने, मोठ्या दवाखान्यात. तिथं गोळ्या देतेत." तो हट्टाला पेटला, नुसता हात तरी लावा म्हणाला. तुम्ही म्हणालात, "खोटा हात नाई लावत मी." आत मला वाटलं, मी जिंकले. म्हातारी दवाखान्यात गेली हे योग्यच झालं, आजही मी तेच म्हणेन. पण त्यानंतरची तीन वर्षं, दर मंगळवारी, तुम्ही वाफ्यातून उठून हात धुवायचात, ओट्याकडे पाहायचात आणि ओले हात धोतराला पुसून परत वाफ्यात जायचात. लोक येईनासे झाले. गल्लीत कुणी काही विचारलं तर तुम्ही सांगायचात, पोरगी शिकली आपली, तिनं सांगून टाकला. त्यात राग नसायचा. राग असता तर मी भांडले असते, आणि भांडता भांडता कदाचित खरं बोलले असते.

आता मार्गदर्शक मॅडमना तुमचा मंत्र हवा आहे. तिकडच्या मंत्रांशेजारी वऱ्हाडातला एक पूर्ण मंत्र परिशिष्टात छापला तर प्रबंधाला वजन येईल, म्हणतात. पिराच्या नावासाठी तर त्या हटून बसल्या आहेत, कारण तिकडच्या मंत्रांत टिकून राहिलेल्या संतांच्या नावांशी त्याची थेट तुलना करता येते. सोमवारी प्रत द्यायची आहे. मी बाकीचा मंत्र टाइप केलाय आणि चार दिवस शेवटच्या ओळीवर थांबले आहे. तुम्हाला लिहिलेला हा कागद कुठे पाठवायचा नाही, वहीतच राहील. मॅडमना मी सांगेन की तेवढं नाव मला आठवत नाही. त्यांच्याशी हे खोटं असेल. पण याच नावाबद्दल तुमच्याशी मी आधीच एक खोटं बोलले आहे.

त्या दिवशी अकोल्याला मी ते नाव घेतलं नव्हतं. शब्द ओठांवर आला आणि मी घाबरले, की मंत्र खरंच जाईल. म्हणून त्या जागी तोंडाला येईल ते काहीतरी म्हटलं आणि पुढचं वाक्य मोठ्यानं बोलले. तुम्ही दोनदा विचारलंत. खरं सांगितलं असतं तर मला भीती वाटते हे तुम्हाला कळलं असतं, आणि तेवढंच मला नको होतं. मंत्र गेला नव्हता, बाबा. तुमचा हात खोटा झाला नव्हता.