ओल्या शब्दांचा अभ्यास

४ जून, सकाळी
ठरलं. डिलिव्हरीच्या वेळी मी आत, बायकोच्या उशाशी उभा राहणार. तिने एवढंच मागितलंय. हात धर, बाकी काही करू नकोस. मेव्हणी फिदीफिदी हसली. म्हणाली, भाओजी, उकडलेल्या अंड्यातला बलक जरा पातळ निघाला तरी तुम्ही ताट सरकवता. काळजी नको, मी असेन बाहेर.
दाखवूनच देतो तिला.
मान्य, मला ओलं, चिकट, बुळबुळीत काही चालत नाही. त्यात लाज कसली? मी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. आमच्याकडे ओल म्हणजे शत्रू. एक कोपरा भिजला की अख्खी थप्पी बसते.

४ जून, संध्याकाळी
हॉस्पिटलात नवऱ्यांचा क्लास. नर्सबाईंनी प्रत्येकाला एक इंग्रजी पुस्तिका दिली. शरीरातल्या झाडून सगळ्या फ्लुइड्सची नावं, समोर व्याख्या. म्हणाल्या, आधी ओळख करून घ्या, म्हणजे ऐनवेळी पाय लटपटणार नाहीत. मुखपृष्ठावरच एक थेंब काढलाय. पुस्तिका दोन बोटांत धरून घरी आणली.

६ जून
मोठा शोध! किळस वस्तूत नसते, मराठीत असते. शेंबूड म्हटलं की तो दिसतोच, नाकाखाली, लोंबताना. म्युकस म्हटलं की एखादा रोमन सेनापती वाटतो. लाळ गळते. सलायव्हा नुसता असतो. घामाला वास येतो, पर्स्पिरेशनला साबण लावल्यासारखं वाटतं. पू मात्र इंग्रजीतही पसच. इंग्रजांनी इथे साफ आळस केलाय. तो शब्द ऑप्शनला टाकला.
बायकोला शोध समजावत होतो. ती म्हणाली, ते राहू दे, आधी बादली धर, मला मळमळतंय. मी तिला सांगितलं की याला नॉशिया म्हणतात, आणि बाल्कनीत गेलो.

९ जून
नावं तोंडपाठ. आज व्याख्या उघडल्या. तिथे घात झाला.
म्युकस म्हणजे आतल्या अस्तरातून पाझरणारा दाट, निसरडा पदार्थ. निसरडा! हा शब्द घालायची काय गरज होती? बाइल म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा, कडू द्रव. कडू आहे हे कळलं कसं? कोणीतरी चाखून बघितलं असणार. शी! असल्या लोकांना डिग्र्या देतात.
जेवण गेलं नाही. आता इंग्रजी शब्दांनाही वास यायला लागलाय. मराठीतली घाण निदान ओळखीची तरी होती.

११ जून
गोदामात गोंदाचा डबा आडवा झाला. मालक म्हणाले, पुसून घ्या. मी म्हटलं, व्हिस्कस आहे. मालक म्हणाले, काहीही असो, फडकं घ्या. फडकं फिरवता फिरवता व्याख्या आठवली. दाट, चिकट, सावकाश वाहणारं. त्या गोंदाला तार सुटली होती.
पुढचं लिहीत नाही. मालकांच्या बुटांचं वाईट वाटतं. नवे होते.

१२ जून
कालचं पित्त होतं, बाकी काही नाही. सगळ्यांना तसंच सांगितलंय.
नुसत्या थिअरीत राम नाही. आजपासून प्रॅक्टिकल. रोज कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात बोट बुडवायचं. पहिला दिवस: अंडं बघितलं. बंदच. पहिल्याच दिवशी फार जोर करू नये.

१६ जून
अंड्याचं ऑम्लेट झालं. मेव्हणीने केलं, माझा दोष नाही.
संध्याकाळी बायकोने विचारलं, येशील ना रे नक्की? मला भीती वाटतेय. मला गलबलून आलं. किती प्रेम आहे माझं हिच्यावर! म्हटलं, वेडी आहेस का, येणार म्हणजे येणार. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नाकातूनही. मी लगेच रुमाल दिला. लांबून.

१९ जून, दुपारी
सुरू झालं! स्वयंपाकघरात बायकोच्या पायाशी एकदम पाणी आलं. मी ताबडतोब ओळखलं: ॲम्निऑटिक फ्लुइड. स्वच्छ, फिकट, गर्भाचं रक्षण करणारं. स्टुलावर उभं राहून अख्खी व्याख्या खणखणीत म्हणून दाखवली. तोवर मेव्हणीने टॅक्सी बोलावली, बॅग घेतली आणि लादी पुसली.
आता हॉस्पिटलात आहे. हिरवा गाऊन चढवला, टोपी घातली. छाती धडधडतेय, पण पोटात शांत आहे. डॉक्टरबाई म्हणतायत, या आत. जातो.

१९ जून, संध्याकाळी
मुलगी. दोघी सुखरूप.
आत गेलो तेव्हा बायकोने हात पुढे केला. मी धरला. घामाने चिंब होता, बोटांतून निसटत होता. एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा मी बाहेरच्या बाकावर आणि माझा हिरवा गाऊन मेव्हणीच्या अंगावर. सगळं उरकलं होतं.
कारण उघड आहे. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि आत पंखासुद्धा नाही. रक्ताचा तर मी एक थेंबही बघितला नाही, तेव्हा घाबरलो असं कोणी म्हणू शकत नाही.

२० जून
सासरे आले. नातीला बघून झाल्यावर म्हणाले, जावईबापू आत होते ना? मेव्हणीने छताकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, हो बाबा, हा शेवटपर्यंत माझा हात धरून उभा होता.
मग मला राहवेना. कळा कशा आल्या, डॉक्टरबाई काय म्हणाल्या, मुलगी पहिल्यांदा कशी रडली, सगळं सांगितलं, इंग्रजी शब्दांसकट. सासऱ्यांनी पाठ थोपटली. म्हणाले, आमच्या वेळी एवढी हिंमत कोणात नव्हती. फार बरं वाटलं.
बायकोने मुलीला जवळ ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं. थकली असणार.