जड कापड

॥ श्री ॥
५ मार्च

चि. फुंकर हिला मामीचे भरभरून आशीर्वाद.

तुझं खरं नाव लिहायला घेतलं होतं, पण हाताने आपोआप हेच लिहिलं. पहिल्यांदा तू पूलच्या टेबलावर क्यू, ती खेळायची काठी, हातात घेतलीस तेव्हा पांढरा बॉल इतका हळू गेला की तुझे मामा म्हणाले, "ही मारत नाही, नुसती फुंकर घालते." तेव्हापासून अख्ख्या संघाने तेच नाव धरलं.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. कागद पाठकोरा आहे, राग मानू नकोस. पलीकडे मागच्या वर्षीच्या सामन्यांचं वेळापत्रक आहे, ते वाचलंस तरी चालेल.

इकडे सगळं ठीक. परवा संघ परदेशी सामन्याला निघतो. तुझे मामा सकाळी ऑफिसला जातात, संध्याकाळी आले की चहाही न घेता तळघरात टेबलापाशी. मुलं खेळतात, हे भिंतीला टेकून बघतात. खांदा धरल्यापासून स्वतः एक बॉल मारत नाहीत, नुसते बोलतात. मी म्हटलं, निदान बसून बोला. तर म्हणाले, "प्रशिक्षक बसला की पोरं झोपतात."

तुझा विषय ते काढत नाहीत. पण तुझा क्यूच्या टोकाला लावायचा निळा खडू खिडकीत आहे, त्याला कोणाला हात लावू देत नाहीत. जोरात मारतो म्हणून ज्याला तुम्ही हातोडा म्हणता, त्या पोराने उचलला तर एवढे खेकसले की त्या बिचाऱ्याने खडू खाली ठेवून स्वतःचा हातच पुसला.

तुझी आई सांगत होती, क्यू कपाटामागे टाकलीस आणि चष्म्याच्या दुकानात पूर्ण दिवसाची नोकरी धरलीस. नोकरी चांगलीच. पण क्यू कपाटामागे का? ती वाकते ना भिंतीला टेकून ठेवली की?

आता जरा कडू बोलते. संघातली पाचवी जागा तुझी की हातोड्याची, हे ठरवायला चाचणी होती. तुझा पांढरा बॉल दर वेळी वीतभर अलीकडे थांबला. होतं असं. पण सगळ्यांसमोर "मामा, कापड जड झालंय" म्हणायला नको होतंस. टेबलावरचं कापड सगळ्यांना तेच होतं. मामांना तर जास्तच जपून राहावं लागतं, बहिणीच्या मुलीला घेतलं म्हणून बोलायला माणसं टपलेली असतात. तुला "हात गेलाय तुझा" म्हणाले ते मलाही लागलं, पण ते प्रशिक्षक म्हणून बोलले, मामा म्हणून नाही.

देवाच्या मनात नव्हतं असं समज आणि शांत हो. मी रोज दिव्यापाशी तुझं नाव घेते.

मामा परवा गेले की तळघर बंद करीन. ते ओल शोषणारं यंत्रही. रिकाम्या खोलीत विजेचं मीटर उगाच कशाला पळवायचं?

जेवत जा वेळेवर.

तुझी,
मामी

॥ श्री ॥
२३ मार्च

चि. फुंकर हिला आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती.

तू सामना पाहिलास की नाही, ठाऊक नाही. आम्ही सगळ्या घरच्या मंडळींनी कप्तानाच्या घरी पाहिला. मोठा पडदा लावला होता. हातोड्याचे वडील गॅरेजातून तसेच आलेले, हाताला ग्रीस, म्हणून सोफ्यावर न बसता दारातच उभे. मी माळ घेऊन बसले होते. कप्तानाची आई म्हणाली, "वहिनी, देवाला सांगा, आमच्या बाजूने बघ म्हणावं." मी म्हटलं, देव टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघतो. सगळे हसले.

आपली मुलं छान खेळली. बरोबरी झाली आणि सगळं शेवटच्या डावावर आलं. टेबलावर हातोडा. त्याचे सगळे बॉल गेलेले, फक्त काळा उरलेला, तोही पॉकेटच्या तोंडाशी. तू डोळे मिटून घातला असतास. त्याने घातला. त्याचे वडील ओरडले. आणि मग पांढरा बॉल थांबेना. काळ्याच्या मागून निघाला, कडेला लागला, परत फिरला, लांबच्या लांब टेबल ओलांडून समोरच्या पॉकेटकडे निघाला. अगदी सावकाश जात होता. पडला. काळ्याबरोबर पांढरा पडला की डाव हरतो हे मलाही इतक्या वर्षांत समजतं.

हातोड्याचे वडील बाहेर गेले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

रात्री मामांचा फोन आला. म्हणाले, "पोरगं घाबरलं नव्हतं गं. तिथलं कापड इतकं कोरडं, की बॉल थांबतच नाही. आपण तसंच कापड ठेवलं होतं ना महिनाभर? मग याचा हात असा जड कसा राहिला?" मी म्हटलं, प्रवासाने दमला असेल. मग म्हणाले, "फुंकर असती तर बॉल तिथल्या तिथे थांबला असता. मी माणूस चुकीचा निवडला."

त्यांनी तुझं नाव घेतलं म्हणून कळवते. तुला बरं वाटावं.

मला मात्र बरं नाही. ताप वगैरे काही नाही. जप करायला बसते आणि मणी कुठवर आले ते विसरते. कारण विचारू नकोस.

मामी

॥ श्री ॥
२ एप्रिल

फुंकर,

आज कोरा कागद घेतला आहे. पाठकोऱ्यावर हे लिहवेना.

मामा परत आले. बॅग तशीच जिन्यात आहे. दोन दिवस तळघरात जाऊन टेबलाच्या कडेला बसत होते. हो, बसत होते. काल सकाळी वर आले आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला. संघटनेला लिहिलेला राजीनामा. म्हणाले, "माझं अक्षर कोणाला लागत नाही, तू नीट उतरवून दे." त्यांचं प्रत्येक पत्र मीच उतरवते, तुला माहीत आहे. मॅट्रिकला अक्षरासाठी कौतुक झालं होतं, तेवढीच माझी विद्वत्ता.

पेन घेतलं, वरच्या दोन ओळी उतरवल्या. पुढचं वाक्य होतं, "संघनिवडीतील चूक सर्वस्वी माझी आहे." "संघनिवडीतील चूक" एवढं माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं आणि पुढे हात चालेना.

चूक त्यांची नाही. माझी आहे. ऐक.

कॅम्प सुरू झाला तेव्हा तुझ्या मामांनी ते ओल शोषणारं यंत्र भाड्याने आणलं. मला बजावलं, रात्रंदिवस चालू राहिलं पाहिजे. तळघराच्या भिंती ओल धरतात, कापड ओल पितं, मग बॉल जड जातो आणि परदेशातल्या कोरड्या टेबलावर मुलांचा हात फसतो. हे सगळं त्यांनी मला बसवून समजावलं होतं. मला कळलं नव्हतं असं नाही.

पण ते यंत्र दिवसभर रिकाम्या खोलीत घरघरायचं. वर देवापाशी बसलं तरी ऐकू यायचं. कोणी नसताना पंखा चालू राहिला तरी मी अंथरुणातून उठते, तुला ठाऊक आहे माझा स्वभाव, तुम्ही सगळे हसता त्यावर. पहिले काही दिवस सोसलं. मग मामा ऑफिसला गेले की बंद करायला लागले. संध्याकाळी फाटकात त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की चालू करायची. ते खाली जात तेव्हा यंत्र घरघरतच असे. रात्री झोपले की पुन्हा बंद.

तरी एक दिवस पकडली जाणार असं वाटलं. त्या यंत्राला पाण्याची टाकी असते, शोषलेली ओल तिच्यात जमते. मामांनी टाकी ओढून बघितली, तळाशी जेमतेम पाणी. मी दोन पावलं मागे सरले. तर ते खूश! म्हणाले, "बघ, पाणीच निघेना. म्हणजे खोली खडखडीत कोरडी झाली." आणि वर येऊन सगळ्या मुलांसमोर म्हणाले, "तुमच्या मामीमुळे हा कॅम्प चालतो. तिच्या घरात वीजसुद्धा शिस्तीत वागते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास.

मी नुसती हसले.

त्यानंतर तुझी चाचणी. मी चहाचा ट्रे घेऊन जिन्यात उभी होते. तू म्हणालीस, "मामा, कापड जड झालंय." मामांनी वळून मला विचारलं, "यंत्र चालू होतं ना गं दिवसभर?"

मी म्हटलं, "हो, चालूच आहे की."

तू माझ्याकडे बघितलंस. संशयाने नाही बघितलंस. मामी म्हणते म्हणजे असेल, असं बघितलंस आणि पुन्हा वाकलीस. बॉल पुन्हा अलीकडे थांबला. तेव्हाच सांगितलं असतं तर काय झालं असतं? मामा रागावले असते, चाचणी पुढे ढकलली असती, मुलं चार दिवस मला चिडवत राहिली असती. बस. एवढ्यासाठी मी तुझी जागा घालवली. काटकसरीसाठी यंत्र बंद केलं ते केलं, पण खोटं बोलले ते काटकसरीसाठी नव्हे. नुकत्याच वाजलेल्या टाळ्यांसाठी बोलले.

आणि वर तुलाच पत्र लिहून शहाणपण शिकवलं, कापडाला नावं ठेवू नयेत म्हणून! ते पत्र जाळून टाक. देवाच्या मनात नव्हतं असंही लिहिलं मी त्यात. देवाला कशाला मध्ये ओढलं? बटण काही देवाने बंद केलं नव्हतं.

काल मी पेन खाली ठेवलं आणि मामांना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "मी तुला विचारलं होतं." मग खाली गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी टेबलावर तळहात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला, ताप बघतात तसा. म्हणाले, "पोरगी सांगत होती मला. सगळ्यांसमोर सांगितलं तिने. मी स्वतः हात लावून बघायला हवा होता. मी टाकीवर विश्वास ठेवला."

मी म्हटलं, "माझ्यावर ठेवलात."

ते म्हणाले, "हो. तेच."

मला त्यांनी क्षमा केली नाही आणि मी मागितलीही नाही. राजीनामा फाडलाही नाही. तुझ्या खडूशेजारी खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "आधी तिला लिही. ती काय म्हणते ते बघू, मग माझं."

आज सकाळी मी गॅरेजात गेले. हातोडा गाडीखाली झोपून काम करत होता. त्याचे वडील म्हणाले, "मामी, आत या, चहा सांगतो." मी उभ्यानेच सांगितलं, दोघांनाही. मला वाटलं होतं त्या पोराच्या मनावरचं ओझं उतरेल, की बाबा, हरलास त्यात तुझा दोष नाही. तो गाडीखालून बाहेर आला, नट पुसत बसला आणि म्हणाला, "म्हणजे मामी, मी निवडलाच गेलो नसतो." त्याचे वडील म्हणाले, "चहा राहू दे मग." मी निघाले.

बघ, खरं बोलूनही मी त्याच्याकडून काहीतरी काढूनच घेतलं.

फुंकर, तुझा हात गेलेला नाही. हे मी तुला दिलासा म्हणून लिहीत नाही. तेवढा अधिकार आता मला नाही. हे झालेलं आहे तसं लिहिते. तुझा बॉल अलीकडे थांबत होता, कारण तू कोरड्या कापडावर मारावं तसं मारत होतीस आणि कापड ओलं होतं. मामा म्हणाले, त्या खोलीत एकटी तूच बरोबर मारत होतीस.

यंत्र आता चालू आहे. मी जप सोडून मधूनमधून खाली जाऊन बघते. टाकी भरते, मी ओतते, पुन्हा भरते. किती ओल होती गं त्या खोलीत! मामा दिसतील तेव्हा बोलतात, पण नुसतं कामापुरतं.

तू माझ्याकडे ये असं म्हणत नाही. टेबलाकडे ये. क्यू कपाटामागून काढ, वाकली असेल तर मामांची घे. खडू तुझा आहे तिथेच आहे. तू येशील तेव्हा मी वर थांबेन, जिन्यात येणार नाही. आणि येणारच नसशील, तर तेही मामांनाच कळव, मला नको. तू ये किंवा येऊ नकोस, यंत्र मी बंद करणार नाही. मीटर पळू दे.

आशीर्वाद लिहायला पेन धजत नाही.

"हो, चालूच आहे की" म्हणणारी,
तुझी मामी