उजव्या हाताला काहीही झालेलं नाही

३ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ६.१०

निर्णय झाला. ॲडव्हान्स्ड फेलोशिप इन स्पोर्ट्स मेडिसिन अँड जॉइंट प्रिझर्वेशन. कोइमतूर. सहा महिने, जागा फक्त दोन. अट अशी की उमेदवाराला पंचेचाळीस पूर्ण नसावीत. मला मार्चमध्ये होतात. म्हणजे ही फेलोशिप माझ्यासाठीच थांबली होती असं म्हणायला हरकत नाही.

पंधरा वर्षं नळदुर्गात मोडकी हाडं जोडतोय. हायवे आहे, मोटारसायकली आहेत, हाडांना तोटा नाही. पण सांधा जायच्या आधीच वाचवला, असं एकदाही छातीवर हात ठेवून सांगता आलेलं नाही. खरं शास्त्र ते. वेळेत ओळखायचं, वेळेत हात घालायचा.

संकल्प: रोज अर्धा तास टाक्यांच्या गाठी मारण्याचा सराव. चहात साखर बंद. रोजनिशी नियमित.

सकाळी उजव्या हाताच्या तीन बोटांना मुंग्या. उशी बदलायला हवी.

५ डिसेंबर, गुरुवार

भुवनेश्वरीला सांगितलं. ती आमच्याच हॉस्पिटलात भूल देते, त्यामुळे मी नसलो तर तिचंही काम अडणार. रडारड होईल असं वाटलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, शर्टाचं तिसरं बटण का उघडं आहे? म्हटलं, टेलर हल्ली काजं फार बारीक करतो.

मग म्हणाली, जा, पण लिहून द्या. तिचं माहेर अणदूर. अणदूरचा खंडोबा नळदुर्गला येतो तेव्हा कधी यायचं, कधी परत जायचं याचा दोन्ही गावांत लेखी करार होतो. देव लिहून देतो, तुम्ही काय देवापेक्षा मोठे का, असं तिचं म्हणणं. फुलस्केपवर पाच कलमं लिहिली तिनं. साक्षीला आमचा ऑपरेशन थिएटरचा, म्हणजे ओटीचा, असिस्टंट बलभीम. मी न वाचताच सही केली. नवराबायकोत विश्वास लागतो.

सही जराशी वाकडी आली. पेन भिकार. भुवनेश्वरी बराच वेळ सहीकडं बघत बसली होती. अजून कौतुक आहे तिला.

९ डिसेंबर, सोमवार

फॉर्मसाठी दुर्बिणीतून केलेल्या सांध्याच्या ऑपरेशनच्या पंचवीस केसेस लागतात. माझ्या चोवीस. आणि आज पंचविसावी स्वतःच्या पायानं आली. म्हणजे, लंगडत आली.

शिवांजली, वय वीस, गाव बेंबळी. कबड्डी खेळते, चढाईला जाते. पोलीस भरतीची तयारी चाललीय. वळताना गुडघा सटकला, आतला लिगामेंट तुटलाय. क्लासिक! कोइमतूरला असल्याच केसेस. तिनं एकच विचारलं, पळता येईल का? म्हटलं, वाऱ्यासारखी पळशील. तिचे वडील रामकिसन म्हणाले, डॉक्टर, आमी तुमच्यावर सोडलं बगा. एकोणीस तारीख दिली. त्यांनी हुरड्याचं आमंत्रण दिलं.

सराव आज राहिला. उद्या एक तास.

१२ डिसेंबर, गुरुवार

ओपीडीत इरम्मा म्हणून आजी. सीमेकडच्या गावच्या, निम्मं कानडीत बोलतात. जन्मभर भाकरी थापल्यानं मनगटातली नस दबलेली. बोटं बधीर, हातातून वस्तू पडतात, अंगठ्याखालचा गादीसारखा भाग वाळून सपाट झालाय. मी फार छान समजावलं. म्हटलं, आजी, उशीर करू नका, नस एकदा मेली की मेली. निरोगी गादी कशी असते हे दाखवायला माझा हात पुढं केला.

आजींनी दोन्ही हात शेजारी शेजारी धरले, निरखले आणि म्हणाल्या, डॉक्टर, तुमचाबी माज्यासारकाच वाळलाय की.

ओपीडीची ट्यूबलाइट बदलायला सांगितली आहे.

१९ डिसेंबर, गुरुवार

शिवांजलीचं ऑपरेशन रद्द. हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह बंद. बलभीम म्हणाला, सायेब, वाफच धरंना. तीस वर्षं ओटीत काढलेला माणूस. त्याला वाफेतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून वाद घातला नाही. सकाळी सिझेरियनचं सामान त्याच ऑटोक्लेव्हमधून निघालं होतं. यंत्रांचा काही भरवसा नाही.

पुढची तारीख २ जानेवारी.

२२ डिसेंबर, रविवार

बेंबळीला हुरडा. रामकिसनच्या शेतात आगटी पेटलेली. कणसं निखाऱ्यातून काढायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. सगळे हातातल्या हातात कणीस नाचवत फुंकर मारत होते. मी सरळ उजव्या हातानं उचललं आणि चोळलं. एक नाही, अकरा कणसं. मंडळी थक्क. रामकिसन म्हणाले, डॉक्टर, ह्यो हात हाय का चिमटा? सर्जनचा हात म्हणतात तो हा.

शिवांजली बाजेवर पाय लांब करून बसली होती. ती हसली नाही. माझ्या हाताकडंच बघत होती.

घरी आल्यावर दोन बोटांवर फोड दिसले. हुरड्याची जात खराब असावी.

२ जानेवारी, गुरुवार

ऑटोक्लेव्ह पुन्हा बंद. माझ्या एक लक्षात आलंय: तो फक्त दुर्बिणीच्या दिवशी बिघडतो. व्होल्टेजचा प्रॉब्लेम. स्टॅबिलायझर मागवला.

शिवांजली पहाटे पाचला उपाशीपोटी निघून आली आणि उपाशीच परत गेली. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरला होता. सोळा तारीख नक्की, असं वरून ओरडून सांगितलं.

नव्या वर्षाचा संकल्प: मागचे संकल्प.

५ जानेवारी, रविवार

कोइमतूरला व्हिडिओ पाठवायचाय. एका दमात, न कापलेला, सहा सरकत्या गाठी. फ्रेममध्ये फक्त हात आणि दोरा. बलभीमनं मोबाइल धरला. नऊ टेक झाले. गाठी सुटतात. पहिल्यांदा ग्लोव्ह्ज मोठे होते, मग लहान होते. मग टेबल हलत होतं. दोरा बोटांत आहे की नाही हे बघितल्याशिवाय कळत नाही, इतका तो बारीक आहे. चांगल्या दोऱ्याचं हेच लक्षण.

९ जानेवारी, गुरुवार

एकतिसावा टेक. बलभीमनं मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, सायेब, जरा दावू का? गाऊन चढवला, ग्लोव्ह्ज घातले आणि चार मिनिटांत सहा गाठी मारल्या. एकही हलली नाही. मोबाइल चालूच राहिला होता.

व्हिडिओ तीनदा बघितला. फ्रेममध्ये फक्त हात आणि दोरा.

१० जानेवारी, शुक्रवार

पाठवला.

यात गैर काही नाही. बलभीमला माझ्या ओटीत पंधरा वर्षं झाली, म्हणजे पद्धत माझीच. शिवाय शूटिंग मी केलंय आणि ते स्थिर आहे. आजकाल सगळीकडं टीमवर्कला महत्त्व आहे. पंचविसावी केस सोळा तारखेला होणारच, म्हणून तीही भरून टाकली.

जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काल खंडोबाची यात्रा झाली, त्यामुळं ओपीडी रिकामी. तिळगूळ खाल्ल्यावर भुवनेश्वरी म्हणाली, डोळे मिटा, मी टाचणी टोचते, लागलं की सांगा. पेशंट बधीर झाला का हे बघण्यात तिचं आयुष्य गेलंय, म्हटलं सणाची गंमत. मी अंदाजानं तीनदा लागलं म्हणालो. डोळे उघडले तर ती सांगते, पहिल्या दोन वेळा टोचलंच नव्हतं. बोटावर मात्र रक्ताचे चार ठिपके.

मग टाचणी डबीत ठेवत म्हणाली, परवा त्या पोरीला मी भूल देणार नाही. तुम्ही करारातलं तिसरं कलम वाचा.

घरात राजकारण आलं की प्रगती खुंटते. सोलापूरच्या भूलतज्ज्ञाला फोन केला. ते परवा दुपारी तीनला येतो म्हणाले. कलम वाचलं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

ऑटोक्लेव्ह चालू. मी स्वतः उभं राहून चालवला.

पावणेतीनला शिवांजली टेबलावर, अजून जागी. भूलतज्ज्ञ जळकोटपर्यंत आले होते. मी हात धुतले, ग्लोव्ह्ज घातले, ट्रॉलीवरचा प्रोब, म्हणजे सांध्यात चाचपायची बारीक सळई, उचलून बघितला. तो खाली पडल्याचा आवाज आला, तेव्हा मला कळलं की तो हातात नव्हता.

बलभीमनं दुसरा दिला. त्याचाही आवाज आला.

शिवांजलीनं विचारलं, काय पडलं डॉक्टर? म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, हुरड्याच्या टायमाला तुमचा हात भाजला हुता, तुमाला कळलंच न्हाय ना?

ट्रॉली गुळगुळीत होती असं इथं लिहिणार होतो.

बाहेर येऊन रामकिसनना सांगितलं, सोलापूरला घेऊन जा, चिठ्ठी देतो, तिथं चांगलं होईल. त्यांनी हात जोडले. म्हणाले, आमचं काय चुकलं का डॉक्टर? मी म्हणालो, ऑटोक्लेव्ह बिघडलाय. बलभीम दारातच उभा होता. त्यानं मान हलवली, म्हणाला, व्हय, वाफच धरंना.

२८ जानेवारी, मंगळवार

मेल आला. निवड झाली. दोनांत पहिलं नाव. समितीनं लिहिलंय की उमेदवाराच्या हातांनी आम्ही विशेष प्रभावित झालो, दोऱ्यावरचा असा स्पर्श शिकवून येत नाही.

बलभीमला वाचून दाखवला. मराठीत सांगितला. तो बराच वेळ स्वतःच्या हातांकडं बघत होता. मग त्यानं विचारलं, तिकडं निस्ता भातच खात्यात व्हय? आणि थोड्या वेळानं, मग जायाचं कुणी सायेब?

संध्याकाळी करार काढला. तिसरं कलम: जाण्यापूर्वी उजव्या हाताची नस सोलापूरला तपासून घ्यावी व सांगतील ते उपचार करावेत. तोवर दुर्बिणीचं ऑपरेशन करू नये, आणि करायला गेल्यास बलभीमनं होऊ देऊ नये.

खाली तारीख ५ डिसेंबर. माझी सही वाकडी. साक्षीदाराची सही मोत्यासारखी.

३१ जानेवारी, शुक्रवार

कोइमतूरला चार ओळी लिहिल्या. व्हिडिओतले हात माझे नाहीत. पंचविसावी केस झालेली नाही. येऊ शकत नाही. क्षमस्व. भुवनेश्वरीनं टाइप केलं, कारण मला कीबोर्डवर कुठलं बटण दाबलं गेलं ते कळत नाही. माझं स्पेलिंग तिनं दुरुस्त केलं, बाकी काही बदललं नाही.

वाईट वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही. चहात साखर घेतली.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सोलापूर

सकाळी माझ्या हाताच्या नसेची तपासणी. दुपारी शिवांजलीचं ऑपरेशन, त्याच हॉस्पिटलात. मी आत गेलो नाही. बाहेर बाकड्यावर रामकिसनशेजारी दोन तास बसलो. ते मला धीर देत होते. सगळं नीट होईल, डॉक्टर, म्हणाले.

नीट झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले की गुडघ्यातली गादीही फाटली होती, पण टाके घालून वाचवली. अजून महिनाभर असंच चालली असती तर वाचली नसती. पुढच्या भरतीला पळेल. रामकिसन माझ्या पाया पडायला लागले. मी मागं सरकलो.

तेव्हाही काही वाटलं नाही. मग पार्किंगमध्ये गाडीची किल्ली हातातून पडली आणि ती शोधायला खाली वाकलो, तो तिथंच बसून रडलो. भुवनेश्वरी शेजारी उभी राहिली. किल्ली तिला कधीच सापडली होती.

उद्या सकाळी ऑपरेशनला पहिला नंबर माझा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डाव्या हातानं लिहितोय, म्हणून थोडक्यात.

नस मोकळी केली. सर्जन वयानं माझ्याहून लहान आहेत. म्हणाले, पकड थोडी येईल, स्पर्शाचं सांगता येत नाही, लवकर यायला हवं होतं. हे वाक्य मला पाठ आहे.

इरम्मा आजी ओपीडीत भेटल्या. त्यांनी मागच्या महिन्यातच सोलापूरला जाऊन हात करून घेतला. बोटांना समजायला लागलंय. म्हणाल्या, तुमी इतकं भ्या घातलं, मग म्या लगीच गेले.

आज पहिल्यांदा ओपीडीत बसायचं होतं. नुसतं तपासायला. भुवनेश्वरी ओटीत होती. बलभीमनं शर्टाची बटणं लावून दिली. मान वर करा म्हणाला, केली. अर्ध्या मिनिटात सगळी लागली, तिसरंसुद्धा.

काजं बारीक नव्हती.