नाण्याच्या कडेचा डाग

३ मार्च
नाणे अखेर माझ्या टेबलावर! चाळीस वर्षे ते बाबांच्या चष्म्याच्या जुन्या डबीत होते. संग्रहालयाला ते हवे आहे, पण बाबांनीच अट घातली — "आधी तुझ्या यंत्राला विचार, शास्त्रीणबाई. मग दे."

त्यांचे जन्मभर एकच म्हणणे: आपल्या नदीकाठी जुनी टांकसाळ होती. जाणकार हसत. दर रविवारी बाबा काठ उकरत आणि खापऱ्या घेऊन परतत. "आले खापरसम्राट! बूट बाहेर!" — इति आई. मग एका रविवारी ती पहिल्यांदाच सोबत आली. मीही होते, आठ वर्षांची. "अहो, त्या झुडपापाशी बघा की जरा," ती म्हणाली — आणि हे नाणे निघाले! त्यानंतर तिने एकही रविवार चुकवला नाही. थर्मास, सतरंजी आणि अखंड बडबड. तिला जाऊन तीन वर्षे झाली.

एकच कोडे. एवढा मोठा शोध, पण बाबांनी त्यावर लेख कधी लिहिला नाही. "बघू," म्हणत.

६ मार्च
क्ष-किरणांखाली पहिली फेरी. चांदी त्र्याण्णव टक्के, बाकी तांबे आणि किंचित शिसे. बनावट नाही! पण कुठले? ते शिसे सांगेल. शिशाच्या अणूंचे चार प्रकार असतात आणि त्यांचे एकमेकांशी प्रमाण खाणीगणिक निराळे. चांदी वितळवा, ओता, ठोका — हे प्रमाण हलत नाही. खाणीचे आडनावच ते! कडेचा केसाएवढा कीस काढून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. सोबत बाबांना काठावर मिळालेली, जुन्या भट्टीतली धातूची मळी.

२७ मार्च
जुळले! जुळले!! नाणे आणि मळी, दोघांचे आडनाव एकच! बाबा बरोबर होते!

लगेच बाबांना फोन करून सगळे सांगितले. मग — "बरं. आणि बाकीचं सगळं नीट तपासलंस ना?"

२८ मार्च
कडेवरचा एक बिंदू मोजायचा राहिला होता. तिथे कॅडमियम.

३० मार्च
दोनदा मोजले. आहेच.

जुन्या चांदीत कॅडमियम नसते. ते येते सोनाराच्या डाकातून, म्हणजे दागिना जोडायच्या मिश्रणातून. तेही अलीकडच्या काळातल्या. म्हणजे या नाण्याला कधीतरी कडी जोडली होती आणि मग ती काढून, कड घासून टाकली. आई-बाबांच्या लग्नाचा फोटो काढला. भिंग लावले. आईच्या गळ्यात साखळी, साखळीत नाणे. मला आठवते ती साखळी मात्र मोकळी.

"झुडपापाशी बघा की जरा!" — आई गं!

संग्रहालयाच्या अर्जात रकाना आहे: 'सापडल्याचे ठिकाण'. 'नदीकाठ' लिहावे तर अहवाल खोटा. खरे लिहावे तर बाबांचा तो रविवार मीच हिरावून घेणार. इतकी वर्षे विद्यार्थ्यांना बजावत आले, गैरसोयीचे मोजमाप गाळायचे नसते. आज पेन उचलवत नाही.

२ एप्रिल
अर्ज घेऊन बाबांकडे गेले. रकाना कोराच ठेवून तो त्यांच्यापुढे सरकवला. शेवटी बाबाच म्हणाले, "कडेला डाग दिसला का?"

"कुठला डाग?"

"कडीचा गं. दागिना होता तो. तुझ्या आजीने दिलेला, आईचा एवढा एकच तर डाग होता. मी तिथल्या तिथे ओळखला. पण ती इतकी खुशीत होती... काय बोलणार?"

म्हणून लेख नाही!

रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले: 'पत्नीची साखळी'.

"मग बाबा, पुढे तीस-पस्तीस वर्षं दर रविवारी कशाला उकरत बसलात?"

"ती यायला लागली होती ना सोबत!"